पंडिता रमाबाई आणि त्यांचा विसावा

गणपतीच्या स्मरणिकेत ख्रिस्ती झालेल्या बाईंचे चरित्र कशासाठी, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. लोकमान्यांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते १८९३ च्या सुमारास. त्याच वर्षी, त्याच पुण्यात एका बाईंच्या शाळेवरून घराघरांत भांडणे लागली होती आणि त्या बाईंवर सर्वांत कडक टीका लोकमान्यांच्याच ‘केसरी’तून होत होती. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. उत्सवाचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. त्याच्या शेजारच्या गल्लीत काय चालले होते, तेही एकदा सांगायला हरकत नाही. शिवाय रमाबाईंच्या आयुष्यातला एक मोठा प्रसंग आपल्या जिल्ह्याच्या अगदी सीमेवर, नर्मदेच्या पल्याड घडला. त्याकडे आपण येऊच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडच्या माळहेरंजीचे चित्पावन ब्राह्मण, वैष्णव, मोठे व्युत्पन्न. तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले आणि आपल्याही घरात तसे व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर तीर्थयात्रेत पैठणला गोदावरीच्या घाटावर एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली. शास्त्रीबोवांचे वय तेव्हा चव्वेचाळीस. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी असे होत असे. ह्या लक्ष्मीबाईंना त्यांनी खरोखर संस्कृत शिकवले. गावात गहजब झाला, धर्मसभेपुढे उभे राहावे लागले. शेवटी ते बिऱ्हाड घेऊन घाटातल्या गंगामूळ नावाच्या रानात जाऊन राहिले. रमा जन्मली ती त्या रानात.

ती सहा महिन्यांची असताना घर मोडले. आल्यागेल्याचे आतिथ्य करता करता शास्त्रीबोवांचे सगळे द्रव्य सरले होते. तान्ह्या रमेला वेताच्या टोपलीत घालून कुटुंब बाहेर पडले ते कायमचेच. देवळात, घाटावर पोथी उघडून पुराण सांगायचे, ऐकणाऱ्यांनी पुढे ठेवलेल्या धान्यावर आणि पैशांवर दिवस काढायचे आणि पुढचे तीर्थ गाठायचे. रमेला आईने वाटेवरच शिकवले. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला लहान वयातच मुखोद्गत होते. थोरला भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णाबाई, आईवडील आणि ही धाकटी असा तो संसार पंधरा वर्षे चालत राहिला.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होते नव्हते ते दानधर्मात आणि देवळांत दिले होते. अनुष्ठाने केली, उपास केले, मूर्तीपुढे दिवस दिवस बसले, दागिने विकले, भांडी विकली. भीक मागणे कुलाला शोभेना आणि मजुरी कुणाला करता येईना. शेवटी रानात झाडपाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. शास्त्रीबोवांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. धाकट्या मुलीला त्यांनी सांगितले की तुला मी देवाच्या हाती दिले आहे, आता जन्मभर त्याचीच होऊन त्याचीच सेवा कर. हे सांगणारा पिता कट्टर वैष्णव होता, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. श्रीनिवासाने मजुरी करीन पण असे होऊ देणार नाही म्हणून वडिलांना थांबवले. तरी थोड्याच दिवसांत, १८७४ मध्ये, उपासमारीने आणि तापाने वडील गेले. दीड महिन्याने आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. स्मशान तीन मैल दूर. रमा उंचीने कमी पडत होती, म्हणून तिरडीचा आपल्याकडचा दांडा तिने डोक्यावर घेतला. काही महिन्यांनी कृष्णाबाईही पटकीने गेली.

उरलेली दोघे भावंडे उत्तरेकडे चालत निघाली. पार काश्मीरपर्यंत ती गेली. पंजाबात झेलमच्या काठी एका थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत निजली आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली. भिजवलेले हरभरे मिठाबरोबर खाऊन काढलेले दिवसही त्यांत होते. ह्या चालण्यात जुनी श्रद्धा हळूहळू गळून पडली. आपण सगळे विधी नेमाने केले आणि तरी आपले असे का झाले, हा प्रश्न त्यांना सोडीना. इथे रमाबाईंवर रागावणाऱ्यांना आम्ही एवढेच म्हणू की, हा प्रश्न दुष्काळात पोथी वाचून मेलेल्या माणसाच्या मुलीचा होता. घरात धान्याची कोठी भरलेली असताना पडणारे प्रश्न वेगळे असतात.

१८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात धाराप्रवाह बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे तिथलीच. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती देऊन वाचायला सांगितले. एका ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्यात संस्कृत बायबल मिळाले, ते मात्र तेव्हा त्यांना काहीच कळले नाही. १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास वारला. आता ह्या जगात आपले म्हणावे असे कुणीच राहिले नाही. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. सिलचरला संसार मांडला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती त्या आवडीने वाचू लागल्या. बायको ख्रिस्ती होईल ह्या कल्पनेने बिपिनबाबू नाराज झाले. गोष्ट तिथेच थांबली असती, पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. संसार दोन वर्षांचाही झाला नव्हता. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

चोवीस वर्षांची विधवा कडेवर मूल घेऊन पुण्याला आली. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्या मंडळींनी आदराने स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. पुढे वैद्यकी शिकावी म्हणून त्या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांवर १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत मागे पडला. सोबत आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत ह्यांचा तिथे अतिशय करुण अंत झाला. त्याच सुमारास मठाच्या भगिनींनी रमाबाईंना लंडनमधील फुलॅम येथे हवापालटाला पाठवले. तिथे वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवले जात होते. शुद्ध आचाराच्या बायका ह्यांच्याशी इतक्या मायेने कशा वागतात, हे त्यांना समजेना. त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने येशू आणि विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री ह्यांची कथा त्यांना वाचून दाखवली. आपल्या पोथ्यांमध्ये टाकलेल्या बाईला जागा कुठे आहे, हे शोधत आलेल्या रमाबाईंना ती कथा भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी पुण्यात नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे ख्रिस्ती झालेले नेहेम्या गोरे, ह्यांच्याशी झालेल्या चर्चांचाही ह्यात वाटा होता.

पुण्यात संतापाची लाट उसळली. जोतिराव फुले ह्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, पण तसे बोलणारे थोडेच होते. इकडचे लोक त्यांना फितूर म्हणत होते आणि तिकडे वाँटेजच्या भगिनींना वेगळीच अडचण पडली होती. ही बाई पढवलेले पढत नसे. प्रत्येक मुद्द्यावर वाद घाली, पाद्र्याच्या अधिकाराला मान झुकवायला तयार नसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारी. मांसाहार त्यांनी कधीच स्वीकारला नाही. ख्रिस्ताकडे जायला इंग्रज व्हावे लागत नाही हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला.

पुढची पाच-सहा वर्षे धावपळीची. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन हिंदू विधवांची स्थिती सांगितली, त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले, बोस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला त्यांनी शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तिथे शिकलेल्या पहिल्या विधवा गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि सासरी त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले गेले. रमाबाईंच्या चरित्रात ही तिसरी आनंदीबाई. वाचकांनी घोळ करून घेऊ नये.

शारदासदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. पण रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ झाले ते ह्यावरून. रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. आमच्या मते पालकांची भीती निराधार नव्हती. ज्या घराने विश्वासाने मुलगी पाठवली, त्या घराला उघड्या दाराचा अर्थ विचारायचा हक्क होता. पण त्यातल्या बऱ्याच घरांत त्या मुलींचे केस उतरवले गेले होते, त्यांना एकवेळच्या जेवणावर कोपऱ्यात बसवले होते, हेही तितकेच खरे आहे. त्यांना शिकवायला दुसरे दार तेव्हा कुठले उघडे होते?

ह्या गदारोळाच्या थोडे आधी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या आत काहीतरी घडले होते. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना जाणवत होते. बुद्धीला पटले होते, जीव मात्र शांत नव्हता. ओझे तसेच होते, उपासाचे, मेलेल्यांचे, आपल्या दोषांचे. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांना उमगले की आपण अजूनही पुण्य साठवून देवाला प्रसन्न करायच्या खटपटीत आहोत, जसे आईवडील देवळातून देवळात करीत राहिले तसे. हे सोडून आहे तशी स्वतःला त्याच्या स्वाधीन केले की झाले. त्यांनी ते केले आणि त्यानंतर त्यांच्या लिहिण्यातली बेचैनी गेली. वडिलांनी मरताना सांगितलेले शब्द त्या पुढे आपल्या आत्मकथनात आठवतात, ते ह्याच अर्थाने. वडिलांनी ज्या देवाच्या हाती दिले त्याच्याच हाती आपण पोहोचलो, अशी त्यांची समजूत होती. ती सर्वांना मान्य होणार नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला शरण जाणे म्हणजे काय ते मात्र वेगळे शिकवावे लागत नाही.

आता नर्मदेकडे येऊ. आपल्या हाटपिपल्याहून कन्नौद, खातेगाव करत नेमावरला गेले की पुढे नदी आणि पलीकडे हंडिया. त्या काळी नदीपलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत सुरू होत असे. १८९६ मध्ये तिथे भयंकर दुष्काळ पडला. पुण्यात बातम्या आल्या आणि रमाबाईंना बावीस वर्षांपूर्वीचे रान आठवले. हाताशी पैसे नव्हते, शारदासदन कसेबसे चालले होते. तरी त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि झाडांखाली त्यांनी जे पाहिले ते पुढे लिहून ठेवले आहे. हाडांचे सापळे झालेली मुले, अंगावर चिंधी नसलेल्या बायका, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या गर्दीत तरुण मुली हेरत फिरणारी माणसे. दुष्काळात आईबाप गेलेली मुलगी कुणाच्या हाती पडते, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होते. त्यांच्याजवळ निदान भाऊ होता. ह्या मुलींजवळ तोही नव्हता. त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि बायका गोळा करून पुण्याकडे आणल्या.

आम्हाला ह्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. श्रद्धेने मनाला शांती मिळाली म्हणजे माणसे बहुधा आपले जुने दुःख दूर ठेवतात, त्याची आठवणही नको म्हणतात. रमाबाई त्या शांतीच्या बळावर पुन्हा त्याच भुकेत शिरल्या. तिथे त्यांनी जमवलेल्या मुली घाणेरड्या होत्या, चोऱ्या करत, चावत, अन्न लपवून ठेवत. हे सगळे त्यांनी न लपवता लिहिले आहे. त्यांना त्याचा राग येत नसे, कारण भूक माणसाचे काय करते हे त्यांनी सोसलेले होते.

मुली आणल्या आणि पुण्यात प्लेग आला. इतक्या माणसांना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगावजवळ रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, तिथे संत्र्यांची बाग लावली होती. त्या माळावर तंबू आणि झोपड्या पडल्या. ह्याच प्लेगच्या दिवसांत सरकारी प्लेग इस्पितळात आपल्या मुलींची काय दशा झाली ते त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर मांडले. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारची झाली, असे म्हणणाऱ्यांनी ते पत्र विसरू नये. १८९८ मध्ये केडगावच्या वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. त्यानंतर छप्पनियाचा दुष्काळ आला. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. आपल्या माळव्यात जुनी माणसे त्याचे नाव अजून काढतात. ह्या वेळी गुजरातेतून शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतली माणसे दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे रोज जेवायला, आणि ठरलेले उत्पन्न नाही. देणग्या येत, कधी वेळेवर, कधी उशिरा. रमाबाई प्रार्थना करीत आणि विहिरी खणवीत. दोन्ही कामे त्यांच्या लेखी सारखीच जरुरीची होती. मुलींना शेतीची कामे येत, माग चालवता येई, तेलाची घाणी, गोठा, शिवणकाम, धुलाई, छापखाना हे सगळे बायकाच सांभाळत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना ब्रेल वाचायला शिकवले.

आयुष्याची शेवटची दीड-दोन तपे रमाबाईंनी एका कामाला दिली. मराठी बायबलाची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, संस्कृत शब्दांनी ते जड झाले आहे, असे त्यांचे मत होते. हे मत भागवत पाठ असलेल्या पंडितेचे! त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीने संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. भाषांतर म्हणून ते सगळीकडे सरस उतरले असे आम्ही म्हणणार नाही. वाक्ये काही ठिकाणी मूळ भाषेच्या मागे फरफटत जातात. पण एका बाईने एकटीने, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या हातांनी केलेले असे दुसरे काम आमच्या पाहण्यात नाही.

एव्हाना त्या जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. आपल्यामागे मुक्तीचा भार मनोरमा उचलील असे त्यांनी धरले होते. शारदासदनाचे काम मनोरमाबाईंकडेच होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता ही एकुलती एक मुलगी. आईची तिरडी डोक्यावर घेऊन तीन मैल चाललेल्या त्या मुलीला साठी उलटल्यावर पुन्हा एकदा सगळे गमवावे लागले. ह्या वेळी मात्र झेलमच्या काठचा तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला दिसत नाही. त्या बायबलाची मुद्रिते तपासत राहिल्या. जुन्या कराराचे काम उरकायचे होते.

मनोरमाबाईंनंतर आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे आणि निराधार बायका-मुले तिथे राहतात. इंदूरहून दौंडला जाणारी गाडी पुणे सोडल्यावर त्याच वाटेने जाते.